बाळाआधी कागद पोचावा

मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते, त्यातली २६ लेबर रूममध्ये. दक्षिण महाराष्ट्रातलं रुग्णालय. नाव सांगत नाही, कारण खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या माझ्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या ज्यांच्या आहेत ते अजून ड्युटीवर आहेत. आईकडून बाळाला जाणाऱ्या आजारांचा आमच्या पुस्तकात एक तक्ता होता: आजार, जंतू, लक्षणं, उपचार. परीक्षेसाठी तो मी तोंडपाठ केला होता. पुढं जे लिहितेय ते त्या तक्त्यात कुठं बसवायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

१. पहिलटकरीण माहेरी येते, तिचा रिपोर्ट सासरीच राहतो.

२००९ चा पावसाळा. रात्री पावणेदोनला एक पोर आली. पहिलं बाळंतपण, कळा जोरात, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं. सोबत आई आणि भाऊ. दिवस कधी भरतायत, कळा कधीपासून, पाणी गेलं का, सगळं मी विचारलं. कार्डही मागितलं. आई म्हणाली, "सासरीच ऱ्हायलं की ओ बाई." मी हातमोजे चढवत होते. म्हटलं, राहिलं तर राहिलं. वीस मिनिटांत मुलगी झाली. २ किलो ७००, खणखणीत रडली.

आठ महिन्यांनी तीच मुलगी बालरुग्ण विभागात आली. वजन साडेचार किलो, तोंडात दह्यासारखा पांढरा थर, न्युमोनिया हटता हटत नव्हता. मग सगळं बाहेर आलं. पाचव्या महिन्यात सासरच्या तालुक्याला आईची तपासणी झाली होती. एचआयव्ही निघाला होता. तो कागद तिनं लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला होता.

त्या वेळी आमच्याकडे फार काही नव्हतं. कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि ७२ तासांच्या आत बाळाला सिरपचा अर्धा मिली, एवढंच. पण तेवढं तरी होतं. लेबर रूमपासून वीस पावलांवरच्या खोलीत होतं. तपासणीचं किटही तिथंच. खोलीला कुलूप, आणि किल्ली समुपदेशकाबरोबर त्याच्या घरी.

मी तिला विचारलं, "त्या रात्री मला का गं सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, हे गुप्त ऱ्हातंय, कुणाला कळत नाही. म्हणून मी पण कुणाला कळू दिलं नाही."

आम्ही 'गुप्त' हा शब्द दिवसातून वीस वेळा वापरत होतो. आम्हाला वाटायचं, आपण तिला धीर देतोय. तिला तो हुकूम वाटला होता. काहीच उपचार नसले तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून एचआयव्हीची लागण होते. औषध वेळेवर मिळालं तर हा आकडा ५ च्या आत येतो. एवढ्या मोठ्या फरकात त्या रात्री एक कुलूप होतं, एक शालू होता आणि मी होते.

त्यानंतर सातव्या महिन्याला आलेल्या प्रत्येकीला मी एकच विचारायची: "बाळंतपण कुठं करणार?" डोहाळजेवण झालं की आपल्याकडं मुली माहेरी जातात. रीत चांगलीच आहे. आईच्या हातचं खाणं, जरा झोप. पण रक्ताचा रिपोर्ट काही ओटी भरून कोणी माहेरी धाडत नाही. मग मी दोन झेरॉक्स काढायला लावायची, एक घरी, एक पिशवीत. आणि बजावायची, "नवऱ्याला सांग नको सांगू, तुझं तू ठरव. पण बाळंतपण करणाऱ्या बाईला सांगायचंच. ती 'कुणाला' मध्ये येत नाही."

२. शनिवारी रात्री जन्मलेल्या बाळालाही यकृत असतं.

एचआयव्हीला सगळे घाबरतात, हिपॅटायटिस बीला कुणी घाबरत नाही. खरं तर उलट हवं. आईला ही कावीळ असली की प्रसूतीच्या वेळी रक्तातून आणि स्रावांतून ती बाळाला जाते. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांचं शरीर तिला हुसकावून लावतं. जन्मतानाच लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांच्या अंगात ती कायमची घर करते. बाळ गुटगुटीत दिसतं, शाळेत जातं, लग्न होतं, आणि चाळिशीत यकृत आक्रसतं किंवा त्यात गाठ निघते. तेव्हा लेबर रूमची आठवण कोणाला?

लस जन्मानंतर २४ तासांच्या आत पडायला हवी, जितकी लवकर तितकी बरी. आईला कावीळ असल्याचं ठाऊक असेल तर १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं वेगळं इंजेक्शनही. लस सरकारी, फुकट, फ्रीजमध्ये ठेवलेली. अडचण काय होती? वायल दहा डोसची. शनिवारी रात्री एकच बाळ जन्मलं की लसीकरणाची सिस्टर म्हणायची, "एका पोरासाठी वायल फोडू? उरलेले नऊ डोस वाया, हिशेब कोण देणार?" बाळ सोमवारी या म्हणून घरी जायचं. सोमवारी २४ तास उलटून गेलेले असायचे.

आणि नियम काय होता? हिपॅटायटिस बीची उघडलेली वायल नीट थंड ठेवली आणि वर तारीख घातली तर २८ दिवस चालते. हे परिपत्रक आमच्याच भिंतीवर होतं, कॅलेंडरच्या मागं. कॅलेंडर बदलताना मला दिसलं. मी ते फ्रीजच्या दारावर चिकटवलं आणि फ्रीजची दुसरी किल्ली लेबर रूमच्या खिळ्याला टांगून घेतली. त्यासाठी तीन अर्ज करावे लागले. माझ्या सगळ्या नोकरीतलं सर्वांत मोठं काम कुठलं असं विचारलंत तर मी तो खिळा दाखवीन.

३. लाल शाईनं कुणाचं भलं होत नाही.

नव्वदीच्या दशकात 'तशी' पेशंट आली की केसपेपरवर लाल पेननं मोठ्ठं लिहायचं, कॉटला वेगळा कागद लावायचा, तिची प्रसूती शेवटी घ्यायची. मीही लिहिलंय. मावशी चहाचा कप लांबून सरकवायच्या. पाचच मिनिटांत सगळ्या वॉर्डला कळायचं, आणि वॉर्डला कळलं की एसटीनं गावाला कळायचं.

एकदा एका बाईच्या सासूनं मला विचारलं, "बाई, आमच्याच कागदावर लाल का?" मी म्हटलं, "रक्त कमी आहे, आजी." चटकन सुचलं ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्या आजी बीट आणि डाळिंब घेऊन आल्या. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

एचआयव्ही रुग्णांच्या हक्कांचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाचं निदान उघड करता येत नाही. त्याच्या आधीच आम्ही एक साधी गोष्ट शिकलो होतो. हातमोजे सगळ्यांसाठी घालायचे, सुई सगळ्यांची जपायची, मग लाल शाई लागतच नाही. जिची तपासणीच झालेली नाही तिच्यापासून आम्हाला जास्त धोका होता, आणि तिचा कागद निळा असायचा.

४. गोळ्या बदलत गेल्या, सवयी मागून आल्या.

१९८६ मध्ये चेन्नईत ज्या डॉक्टरांच्या पुढाकारानं भारतातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले, त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. हे मला फार उशिरा कळलं आणि उगाचच अभिमान वाटला. आम्ही मात्र तेव्हा नुसतं ऐकून घाबरत होतो. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या अभ्यासातून दिसलं की गर्भवतीला झिडोव्हुडिन दिलं तर बाळांतली लागण चौथ्या हिश्शावरून ८ टक्क्यांवर येते. औषध महाग, महिनोन्‌महिने घ्यायचं. १९९९ मध्ये युगांडातून नेव्हिरापीनच्या एका गोळीची बातमी आली आणि गरीब देशांना परवडणारं काहीतरी हाती लागलं. आमच्या कपाटात ती गोळी यायला आणखी काही वर्षं गेली.

पुढं बाळाला एका थेंबाऐवजी सहा आठवडे सिरप द्यायची कल्पना इथिओपिया, युगांडा आणि आपल्या पुण्यात, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, तपासून पाहिली गेली. २००८ मध्ये तिचे निकाल छापून आले. त्यात पुण्याच्या कितीतरी आया होत्या, त्यांची नावं कुठं नाहीत. २०१४ पासून धोरण सरळ झालं: गर्भवतीला एचआयव्ही आहे ना, मग पेशी मोजत बसू नका, त्याच दिवसापासून औषध चालू करा, जन्मभरासाठी.

अडीच किलोच्या वरच्या बाळाला दिवसातून एकदा दीड मिली सिरप. ऐकायला सोपं. पण रात्री चिमणीच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात सिरिंजवरची दीडची रेघ कुठली हे कोण सांगणार? मी सिरिंजवर त्या रेघेला लाल नेलपॉलिश लावून द्यायला लागले. हा लाल रंग तेवढा कामाला आला.

५. एका इंजेक्शनला दोन माणसं लागतात.

गरमी, म्हणजे सिफिलिस, हा या सगळ्यांतला सर्वांत स्वस्तात बरा होणारा आजार. पोटातलं बाळ जातं, किंवा जन्मतं ते तळहात-तळपायांची सालं निघालेलं, नाक चोंदलेलं. आणि इलाज काय, तर पेनिसिलिन. २४ लाख युनिट, निम्मं एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्या. हे औषध खडूच्या पाण्यासारखं असतं. बारीक सुईत अडकतं, जाड सुई घ्यावी लागते आणि न थांबता दाबत राहावं लागतं. थांबलात की सुई चोंदली आणि बाईला पुन्हा टोचा. ती बाई दातांत पदर धरून पडलेली असते आणि आपण मनात आकडे मोजत असतो.

लागण कधीची हे कळत नसेल तर आठवड्याच्या अंतरानं असे तीन डोस. आणि बाळ सुरक्षित धरायचं तर उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी व्हायला हवा. आता हे ऊसतोडीच्या फडावर बसवून बघा. बीडकडनं आलेलं जोडपं, कारखान्याच्या भाषेत एक कोयता. तिला सातवा महिना, मोळ्या डोक्यावर. पहिला डोस दिला. दुसऱ्या आठवड्यात टोळी पुढच्या गावात. आशाताईंनी मुकादमाचा नंबर काढला, मी फोन केला. मुकादम म्हणाला, "बाई, एक दिवस खाडा म्हणजे किती होतात ठाव हाय का?" मला ठाऊक होतं. शेवटी फडावर जाणाऱ्या पथकाबरोबर औषध पाठवलं.

त्याहून अवघड होता नवरा. त्याला इंजेक्शन दिलं नाही तर बायकोचं बरं होणं चार दिवसांचं. "मला काय झालंय?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचा सूरही पाठ आहे. मी वाद घालणं सोडून दिलं. म्हणायची, "दादा, तुम्हाला काही झालेलं नाही. बाळासाठी दोघांनी घ्यायचंय." दहातले सातजण बाही वर करायचे. मग सांगायचं, बाही नाही दादा, तिकडं वळा.

६. टॉर्चमध्ये फार काही दिसत नाही.

दोनदा दिवस जाऊन राहिले नाहीत की सुनेला खासगी लॅबमध्ये धाडतात: "टॉर्च करून या." टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस. दोन-तीन हजारांची तपासणी. रिपोर्टवर आयजीजी पॉझिटिव्ह आलं की घरात सुतक. मग मांजर हाकला, सुनेच्या माहेरी मांजर होतं का विचारा, महागड्या गोळ्या घ्या.

आयजीजी म्हणजे जुनी ओळख. तो जंतू कधीतरी येऊन गेला, शरीरानं त्याची नोंद ठेवली. रुबेलाची आयजीजी असणं तर चांगलंच. तिला आता धोका नाही. धोका आहे तो आयजीजी नसलेल्या मुलीला पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर. १९४१ मध्ये सिडनीत नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक दिसली आणि त्यांनी त्याचा माग आईच्या साध्या पुरळाच्या तापापर्यंत काढला. आपल्याकडं गोवर-रुबेलाची मोठी मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरात झाली. शाळांच्या दारात पालक भांडत होते, मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ फिरत होते. तेव्हा ज्या पोरींनी दंड पुढं केले त्या आता लग्नाच्या वयाला येतायत. ही लस गरोदरपणात देत नाहीत, आधीच घ्यावी लागते. पण लग्न ठरवताना हे आठवतं कुणाला?

७. अंगावर 'आई' आल्या म्हणून दवाखाना चुकवू नका.

कांजण्यांना घरात 'आई आल्या' म्हणतात, बाईला कोपऱ्यात निजवतात. कडुलिंबाला माझी ना नाही. पण प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला कांजण्या उठल्या तर बाळाला विषाणू मिळतो आणि आईची प्रतिकारशक्ती मात्र पोचायला वेळच मिळत नाही. असं बाळ फार आजारी पडू शकतं. पुरळ दिसलं की निरोप द्या, आम्ही वेगळ्या खोलीत घेतो.

८. आईकडून फक्त आजारच जात नाही.

आमची एक जुनी सुईण होती, रुग्णालयात येऊन आम्हालाच शिकवायची. ती सांगे, पूर्वी नाळ विळ्यानं कापायचे, वर राख लावायचे, आणि सातव्या-आठव्या रात्री पोर ताठ व्हायचं, दूध ओढेना. लोक म्हणत, सटवाईनं सहाव्या रात्री येऊन लिहिलं तेच. तो धनुर्वात होता. जंतू विळ्यावरून, राखेतून नाळेत जायचा आणि सहसा तीन ते चौदा दिवसांत दिसायचा. सटवाईचा आणि त्याचा वार जुळायचा, एवढंच.

गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस दिली की तिच्या रक्तात तयार झालेलं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. २०१५ मध्ये भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. मी नोकरीला लागले तेव्हा ताठ झालेली दोन बाळं पाहिली होती. शेवटच्या पंधरा वर्षांत एकही नाही. पाचवीची पूजा अजून होते, आणि व्हावी. मी स्वतः नातवाच्या पाचवीला पाट मांडला.

९. आजीशी भांडू नये, आजीला काम द्यावं.

एचआयव्ही असलेल्या आईनं पाजावं की नाही, यावर माझ्या नोकरीत तीन वेळा सल्ला बदलला. शेवटी ठरलं ते असं: आई औषध घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. फक्त म्हणजे फक्त. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये दिसलं की अंगावरचं आणि वरचं असं दोन्ही देणं हे नुसतं अंगावर पाजण्यापेक्षा जास्त धोक्याचं. वरच्या पदार्थानं बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते.

आता हे गुटी उगाळणाऱ्या आजीला कसं सांगणार? निदान सांगायची सोय नाही. एका आजीनं माझ्यासमोर सहाण काढून ठेवली: हळकुंड, वेखंड, मायफळ, बदाम, खारीक. मी म्हटलं, "आजी, हे सगळं पोरीला उगाळून द्या. बाळाला तिच्या दुधातनंच जाईल." आजीला पटलं. सहा महिने त्या पोरीनं रोज सकाळी कडू तोंड करून वेखंडाचा वेढा चाटला. मला भेटली की डोळे वटारायची.

१०. बाळाचा पहिला रिपोर्ट आईचाच असतो.

एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाची नेहमीची तपासणी जन्मल्यावर केली तर ती पॉझिटिव्हच येते, कारण आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात, ती पुरती जायला १८ महिने लागू शकतात. हे न सांगता रिपोर्ट हातात दिल्यामुळं बाळ टाकून गेलेला एक बाप मी पाहिलाय. म्हणून सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्त घेऊन कागदावरच्या पाच वर्तुळांत एकेक थेंब भरतात. वर्तुळ काठोकाठ भरायला हवं. कार्ड उन्हात नाही, पंख्याखाली नाही, सावलीत आडवं सुकवायचं. मग पाकिटातून मोठ्या प्रयोगशाळेत, तिथं विषाणूच शोधतात. शेवटचा निकाल १८ व्या महिन्याला.

शालूत कागद ठेवणारी ती पोर दुसऱ्या खेपेला आमच्याकडंच आली. औषध आधीपासून चालू होतं. चौथ्या महिन्यातच येऊन तिनं माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली: कार्ड, रिपोर्ट, गोळ्यांची वही, सगळं नीट घडी घालून. मुलगा झाला. सहा आठवडे सिरप, नेलपॉलिशची सिरिंज, पाच वर्तुळं.

२०१७ मध्ये त्याचा १८ व्या महिन्याचा निकाल आला. निगेटिव्ह. समुपदेशकानं कागद तिच्या हातात दिला. तिनं दोनदा वाचला, घडी घातली, पुन्हा उलगडला. दाराशी तिची मोठी मुलगी दप्तर पाठीला लावून उभी होती, तिसरीतली, बारीक चणीची. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात महिन्याच्या गोळ्यांचा डबा होता. भाऊ तिच्या वेणीला लोंबकळत होता आणि ती "ए सोड ना" म्हणत होती.

आई मला म्हणाली, "सिस्टर, झेरॉक्सचं दुकान उघडलं असंल का आता?"